दर वेळी काकाच का मरतो?

घोडबंदरची_कोंडी

'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' २०१८ च्या डिसेंबरात आला, पुढच्या फेब्रुवारीत सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर घेऊन गेला आणि तेव्हापासून त्याच्याविरुद्ध ब्र काढायची सोय राहिली नाही. मी काढतो. चित्रांबद्दल वाद नाही, पण मूळकथा, म्हणजे साधा पोरगा नायक कसा झाला ती गोष्ट, म्हणाल तर शिळ्या कढीला ऊत आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा सांगतो, रहस्य फुटणार आहे. ब्रुकलिनचा माइल्स मोरालेस. वडील जेफरसन पोलिसात, आई नर्स. पोराला बळेच चांगल्या बोर्डिंग शाळेत घातलंय. लाडका ॲरन काका त्याला रात्री भुयारात भिंतीवर स्प्रे मारायला नेतो, तिथे कोळी चावतो. मूळ स्पायडरमॅन पीटर पार्कर त्याच्या डोळ्यांदेखत किंगपिन नावाच्या गुंडांच्या म्होरक्याच्या हातून मरतो. किंगपिनच्या यंत्रामुळे इतर विश्वांतले पाच स्पायडरवाले येऊन टपकतात, त्यात एक डुक्करही. आणि ॲरन काकाच किंगपिनचा मारेकरी 'प्राउलर' निघतो. गच्चीवर काकाने पुतण्याचा गळा धरलाय, पुतण्या मुखवटा काढतो, काकाचा हात सैल पडतो आणि किंगपिन काकालाच गोळी घालतो. शनिवारवाड्यातल्या 'काका, मला वाचवा'ची सुधारून वाढवलेली आवृत्ती. इथला राघोबा ऐन वेळी विरघळतो, एवढंच.

आता तक्रार. १९६२ च्या कॉमिकपासून पीटरचा बेन काका मरतोय. २००२ च्या सिनेमात मेला, २०१२ च्या सिनेमात मेला. २०१७ वाल्यांना उपरती झाली आणि त्यांनी मूळकथाच टाळली. मग हा सिनेमा आला. याला पुनरावृत्तीची इतकी जाणीव की प्रत्येक स्पायडरवाला 'शेवटचं एकदा सांगतो' म्हणत आपली कुळकथा अर्ध्या मिनिटात उरकतो. थिएटर हसतं. आणि तासाभराने तोच सिनेमा, तेच काकाचं प्रेत, गंभीर चेहऱ्याने समोर ठेवतो. थट्टाही करायची आणि वसुलीही करायची? माझं म्हणणं एवढंच की घरातलं कुणीतरी मेल्याशिवाय पोराला अक्कल येत नाही, हा मूळकथेचा आळशीपणा आहे आणि एवढ्या हुशार लोकांनीही तो सोडला नाही.

तलावपाळी_संध्याकाळी

सगळे काका एका दावणीला बांधू नका हो. बेन काका मरतो कारण पीटर एका चोराला जाऊ देतो. तो पुतण्याच्या चुकीचा बळी. ॲरन मरतो कारण तो पुतण्याला मारायचं नाकारतो. चूक काकाची, शेवटच्या क्षणाला निवड काकाची. माइल्सच्या माथी काहीच नाही. म्हणजे साठ वर्षं ज्या अपराधीपणावर स्पायडरमॅन उभा होता तोच काढून घेतला आणि तरी गोष्ट उभी राहिली. याला शिळी कढी म्हणत असाल तर ताजी कशी लागते ते सांगा.

शिवाय तुम्ही ज्याला थट्टा म्हणताय त्याचं कामच वेगळं आहे. अर्ध्या मिनिटाच्या त्या कुळकथांमुळे आपल्याला साचा पाठ होतो. मग माइल्सची गोष्ट त्या साच्यात कुठे बसत नाही ते आपल्याला आपोआप दिसतं. साचा माहीत नसता तर दिसलं नसतं.

घोडबंदरची_कोंडी

माथी काही नाही? तो 'आपल्यामुळे गेला' असंच धरून बसतो की. बाकीचे स्पायडरवाले त्याच्या खोलीत येऊन ओळीने आपापले मृत सांगतात: माझा काका, माझे वडील, माझा मित्र. चक्क शोकसभा. तिथेच लेखकांनी कबूल केलंय की प्रवेश फी एक मृतदेह.

वेताळ_१५३६

आमच्या पिढीचा नायक वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. इंद्रजाल कॉमिक्स, १९६४ ला सुरू, १९९० ला बंद. माझ्याकडे अजून एक ट्रंक आहे, सून नजर ठेवून आहे तिच्यावर. वेताळाची मूळकथा कुठल्याही अंकात एक-दोन चौकोनांची: १५३६ साली चाच्यांनी बापाला मारलं, किनाऱ्याला लागलेल्या पोराने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हापासून पिढ्यानपिढ्या वेताळ, आताचा एकविसावा. झालं. पुढच्या पानावर गुरान आणि तुफान घोडा हजर. पुनरावृत्तीचा कंटाळा कधीच आला नाही, कारण ती लांबवत नसत. तुमचा हा सिनेमा जवळपास दोन तासांचा. मरण असू दे हो, मरणाशिवाय शपथ कशी? पण त्याला एवढी फुटेज कशाला?

ऐरोली_स्लो

वेताळकाकांशी सहमत, आणि कोंडी यांच्यासाठी एक पुरावा. 'अमेझिंग फॅन्टसी' १५, म्हणजे स्पायडरमॅनची पहिली गोष्ट, फक्त ११ पानांची आहे. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको. त्यात बेन काकाचा मृत्यू दाखवलेलाच नाही! पीटर घरी येतो, दारात पोलिसांची गाडी, पोलीस सांगतो काकाचा खून झाला. बस. हातात हात घेऊन निरोप नाही, पाऊस नाही, व्हायोलिन नाही. आणि मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते हे वाक्य बेन काकाच्या तोंडी नाहीच तिथे. ते शेवटच्या चौकटीत निवेदक म्हणतो. काकाला मरताना भाषण द्यायला लावलं ते नंतरच्यांनी. म्हणजे दोष मूळकथेचा नाही, पुन्हा सांगणाऱ्यांचा.

कोपरी_पूर्व

एक साधा प्रश्न. रामायण किती वेळा ऐकलंत? दशरथ प्रत्येक वेळी जातोच ना? मग माइल्सच्या काकाने काय घोडं मारलंय?

घोडबंदरची_कोंडी

कुठल्याही वादात रामायण काढलं की समोरच्याची बोलती बंद, हे ठाऊक आहे. पण कीर्तनकार दशरथाचा मृत्यू 'बघा बघा, काय अनपेक्षित' म्हणून विकत नाही. इथे मुखवटा ओढून धक्का द्यायचा प्रयत्न आहे. पुराणाचा मान हवा तर रहस्यकथेचे चोचले सोडा.

छापखाना_वागळे

तुम्ही सगळे गोष्टीला धरून बसलात, मला भलतीच गंमत वाटली. वागळे इस्टेटमध्ये ऑफसेटचा धंदा आहे माझा. सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत मी पोरीला म्हटलं, अगं थ्रीडीचा चष्मा द्यायला विसरले हे लोक. मागच्या इमारतींच्या कडांना गुलाबी-निळी झालर. मग लक्षात आलं, हे तर रजिस्ट्रेशन हललंय!

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. रंगीत छपाईत निळा, गुलाबी, पिवळा, काळा असे चार रंग चार प्लेटांवरून एकावर एक बसतात. एक प्लेट केसभर सरकली तरी चेहऱ्याला दुसरे ओठ येतात. जुन्या स्वस्त कॉमिकमध्ये हे सर्रास व्हायचं. कॅमेऱ्यात लांबची वस्तू धूसर होते, ती दाखवायला या लोकांनी धूसरपणा बाजूला ठेवून रंग सरकवले. गालावरच्या सावलीत ठिपके, जुन्या छपाईत असायचे तसे. आमचं आयुष्य गेलं रजिस्ट्रेशन जुळवण्यात, गिऱ्हाइकाच्या शिव्या खाण्यात, आणि यांनी मुद्दाम हलवून ऑस्कर नेलं.

कोंडीसाहेब, काका मरतो का, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. कॉमिकमधला माणूस कागदातून उठून चालायला लागला तर कसा दिसेल, ही यांची मूळकथा आहे. खरी माणसं घेऊन केलेल्या सिनेमात पहिला तास 'असं होऊ शकतं' हे पटवण्यात जातो. चित्राला ते पटवावं लागत नाही.

तलावपाळी_संध्याकाळी

छापखानावाले, यात अजून एक भर घाला. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी. माइल्स सुरुवातीला दोन-दोन चौकटींनी हलतो, म्हणजे सेकंदाला १२ च हालचाली. जंगलात तो आणि दुसऱ्या विश्वातून आलेला, पोट सुटलेला पीटर शेजारी शेजारी जाळं टाकत उडतात तेव्हा नीट बघा. पीटर २४ वर लोण्यासारखा, माइल्स १२ वर अडखळत. पोरगं नवशिकं आहे हे संवादाशिवाय कळतं. पुढे त्याला जमायला लागतं तसा तोही २४ वर येतो.

कोंडी, तुम्ही विचारताय ना, मेल्याशिवाय अक्कल येते का? इथे अक्कल चौकटीगणिक येताना दिसते. त्याला प्रेत लागत नाही.

नेरुळची_मावशी

मला चौकट-बिकट कळत नाही. डोकं दुखलं. इतके रंग, इतके आवाज, मध्येच अक्षरं उगवतात, स्क्रीनचे तुकडे होतात. नातवंडं खूश, मी डोळे मिटून बसले. पूर्वी मुलांच्या सिनेमात मोठ्यांना जरा डुलकी काढता यायची.

पण दुसरा भाग, 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स', २०२३ ला मराठीतही आला होता, आणि त्यात आपला भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर आहे म्हणून हौसेने गेले. आमच्या जवळच्या मल्टिप्लेक्सला मराठीचा एकच खेळ, तोही सकाळी, जेव्हा घरातून बाई माणूस बाहेर पडू शकत नाही. शेवटी हिंदीत पाहिला. ते मुंबट्टन, मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेलं त्याचं शहर, मात्र आवडलं. तो पोरगा पाहुण्यांना शहर दाखवतो आणि इथे ट्रॅफिक, तिथेही ट्रॅफिक, असं सांगत सुटतो. माझा जावई तुमच्या ठाण्याचा. तो एकटाच टाळ्या वाजवत होता.

ऐरोली_स्लो

मावशी, पवित्रची मूळकथा २००४ च्या कॉमिकमध्ये आहे, चार अंकांची मालिका. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांची. तिथे किरणोत्सारी कोळी-बिळी काही नाही, एक योगी त्याला शक्ती देतो. पायात धोतर. आणि अर्थातच एक भीम काका आहे, तो अर्थातच मरतो. कोंडी यांना इथे एक गुण देतो. सगळं भारतीय केलं, कोळ्याच्या जागी योगी आणला, पण काकाला हात लावायची... म्हणजे न लावायची हिंमत झाली नाही.

आणि वेताळकाका, मुंबट्टनची रंगसंगती आणि रेषा करताना त्या चित्रकारांनी समोर काय ठेवलं होतं माहीत आहे? जुनी इंद्रजाल कॉमिक्स. ट्रंक सुनेच्या हाती लागू देऊ नका.

वेताळ_१५३६

अहो काय सांगता! हे तिला आजच ऐकवतो.

घोडबंदरची_कोंडी

गुण मिळाला, घेतो. आता दुसऱ्या भागाचा विषय निघालाच आहे तर माझी केस तिथे बळकट होते. त्यात मिगेल ओहारा नावाचा स्पायडरमॅन बजावून सांगतो की प्रत्येक स्पायडरवाल्याच्या गोष्टीत काही घटना ठरलेल्या असतात. जवळचा एक पोलीस कॅप्टन मरणारच, आणि ते थांबवलंत तर विश्व कोसळेल. मुंबट्टनमध्ये माइल्स पवित्रच्या मैत्रिणीच्या वडिलांना, सिंग साहेबांना, वाचवतो तर लगेच जमिनीला भगदाड. आणि इकडे जेफरसन कॅप्टन होऊ घातलाय. माइल्स म्हणतो, मी नाही मानत. अख्खा दुसरा भाग म्हणजे माझीच तक्रार! लेखकांना स्वतःलाच पहिल्या भागाची लाज वाटली असावी.

तलावपाळी_संध्याकाळी

लाज नाही, बेत. पहिल्या भागात आईवडील दोघंही जिवंत ठेवले ते उगाच नाही. तुम्ही दाराचा प्रसंग विसरताय. भावाचा खून स्पायडरमॅनने केला असं समजून शहरभर त्याचा शोध सुरू करणारा जेफरसन, त्याच स्पायडरमॅनच्या, म्हणजे स्वतःच्या मुलाच्या, दाराबाहेर उभा आहे. आत माइल्स खुर्चीला जाळ्याने जखडलेला, तोंडावरही जाळं, उत्तर देऊ शकत नाही. बापाला वाटतं पोरगा रुसलाय. तो दाराशीच बोलतो, तू काही नाही बोललास तरी चालेल म्हणतो आणि निघून जातो. दाराखालच्या फटीतल्या सावलीकडे बघा. त्यानंतर माइल्स सुटतो, काळा पोशाख चढवतो, इमारतीवरून उडी मारतो, बोटांना चिकटलेले काचेचे तुकडे घेऊनच. त्या उडीमागे ॲरनचं प्रेत नाही, जेफरसनचं बोलणं आहे. जिवंत माणसाच्या शब्दावर उभी राहिलेली स्पायडरमॅनची दुसरी मूळकथा दाखवा.

छापखाना_वागळे

हे पटलं. त्या प्रसंगात रंगही फार सरकवलेले नाहीत, जाता जाता सांगतो.

घोडबंदरची_कोंडी

प्रसंग उत्तम आहे, नाकारत नाही. पण जेफरसन त्या दाराशी आला कशाला? भाऊ गेल्याची बातमी द्यायला. ॲरन जिवंत असता तर जेफरसन रात्री ड्यूटीवर असता आणि माइल्स खुर्चीतच राहिला असता. बापाला दारापर्यंत आणायलाही लेखकांना काकाच मारावा लागला. भावाभावांचं कधीकाळचं भांडण होतंच ना त्यांच्याकडे? तेवढ्यावर बापाला दाराशी आणता आलं असतं: 'तुझ्या काकाशी मी तुटून वागलो, तुझ्याशी तसं होऊ देणार नाही.' काका तुरुंगात, बाप दाराशी, पोरगा खुर्चीत. काय बिघडलं असतं?

तलावपाळी_संध्याकाळी

पंधरा मिनिटं जास्त लागली असती, आणि वेताळकाका आधीच लांबीवर नाराज आहेत.

कोपरी_पूर्व

आणि किंगपिन? तो सहकाऱ्याला तुरुंगात जाऊ देईल? तोंड उघडेल म्हणून तिथेच संपवेल. काका तुमच्या आवृत्तीतही मरतो कोंडीसाहेब, फक्त कॅमेऱ्याबाहेर. ११ पानांसारखा.

घोडबंदरची_कोंडी

कॅमेऱ्याबाहेर चालेल. पोलिसाची गाडी दारात, एक वाक्य, पुढे चला. तेवढंच तर मागतोय.