रोगप्रतिकारक जनुके झपाट्याने बदलतात की लाखो वर्षे टिकून राहतात?

प्रश्न (जिज्ञासू):
चिंपांझीचा जनुकसंच २००५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मानवाची आणि त्याची सुमारे २९ टक्के प्रथिने तंतोतंत सारखी असल्याचे दिसून आले. जी जनुके सर्वांत वेगाने बदलली, त्यांत रोगप्रतिकाराशी संबंधित जनुके ठळकपणे आढळतात. दुसरीकडे, एचएलए जनुकांचे (रोगजंतूंचे तुकडे प्रतिकारपेशींना दाखवणारी प्रथिने घडवणाऱ्या जनुकांचे) काही प्रकार मानवजातीपेक्षाही जुने आहेत, असेही वाचनात आले. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात?

उत्तर (जीवशास्त्राचा विद्यार्थी):
दोन्ही खरी आहेत, कारण विषाणूशी लढण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. वेगाचे उत्तम उदाहरण म्हणजे ट्रिम-५ अल्फा हे प्रथिन. पेशीत शिरलेल्या रेट्रोव्हायरसच्या (आपली जनुके यजमानाच्या जनुकसंचात घुसवणाऱ्या विषाणूच्या) कॅप्सिडला, म्हणजे त्याच्या जनुकीय ऐवजाभोवतीच्या कवचाला, ते पकडते आणि संसर्ग सुरुवातीलाच रोखते. ऱ्हीसस या मकाक माकडाचे ट्रिम-५ अल्फा एचआयव्ही-१ ला, म्हणजे एड्सच्या मुख्य विषाणूला, समर्थपणे अडवते, हे २००४ साली दाखवले गेले. मानवी प्रथिन मात्र त्याच्यापुढे जवळजवळ निष्प्रभ ठरते. गंमत अशी की मानवी प्रथिनातील ३३२व्या स्थानावरचे एकच अमिनो आम्ल, आर्जिनिन, बदलून तेथे प्रोलीन बसवले, तर तेच प्रथिन एचआयव्ही-१ ला बऱ्यापैकी रोखू लागते.

प्रायमेट (माकडे, वानर व मानव यांच्या गटातील) प्रजातींमधील ट्रिम-५ या जनुकाची तुलना केली असता, कॅप्सिडला भिडणाऱ्या छोट्याशा पट्ट्यातच बदल एकवटलेले दिसतात, आणि तेथे अमिनो आम्ल बदलणारी उत्परिवर्तने न बदलणाऱ्यांपेक्षा जास्त प्रमाणात टिकली आहेत. विषाणू कवच बदलतो आणि यजमानाला पकड बदलावी लागते. ही चढाओढ कोट्यवधी वर्षे चालू आहे. दक्षिण अमेरिकेतील घुबड-माकडात तर सायक्लोफिलिन-ए या, एचआयव्ही-१ च्या कवचाला चिकटणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाची प्रत ट्रिम-५ मध्ये येऊन बसली आणि एक जोडप्रथिन तयार झाले, जे एचआयव्ही-१ चे कवच पकडते. मकाक माकडांतही असाच जोड स्वतंत्रपणे घडला. एकच युक्ती दोनदा सापडावी, हे मला आजही अचंबित करते.

उत्तर (वाचक):
एचएलएची गोष्ट निराळी आहे. ही प्रथिने रोगजंतूंचे तुकडे टी-पेशींना (संसर्ग ओळखणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना) दाखवतात, आणि कोणताही एक प्रकार सर्व तुकडे पकडू शकत नाही. दोन भिन्न प्रकार बाळगणाऱ्या व्यक्तीला अधिक तुकडे दाखवता येतात. शिवाय दुर्मीळ प्रकाराशी रोगजंतूंनी अद्याप जुळवून घेतलेले नसते, त्यामुळे तो फायद्याचा ठरतो. परिणामी निवड एकाच प्रकाराला विजयी करत नाही, तर अनेकांना टिकवून धरते. म्हणूनच एखाद्या माणसाचा एचएलए-डीआरबी१ प्रकार दुसऱ्या माणसाच्या प्रकारापेक्षा चिंपांझीच्या प्रकाराशी अधिक जवळचा असू शकतो. एबीओ रक्तगटांचे ए आणि बी हे प्रकारही मानव व गिबन यांच्या सामाईक पूर्वजापासून चालत आल्याचे मानले जाते.

प्रश्न (जिज्ञासू):
मग मानवाची प्रतिकारव्यवस्था ऱ्हीसस माकडापेक्षा दुबळी म्हणावी का?

उत्तर (जीवशास्त्राचा विद्यार्थी):
मुळीच नाही. एचआयव्ही-१ ला अडवणारे तेच ऱ्हीसस प्रथिन मकाकांतील एसआयव्हीपुढे (एचआयव्हीच्या माकडांतील भाऊबंदापुढे) फारसे चालत नाही, आणि तो विषाणू मुळात सूटी मँगाबी या दुसऱ्या माकडाकडून आलेला आहे. त्या संसर्गाने ऱ्हीसस माकडांना एड्ससारखा आजार होतो. प्रत्येक प्रजातीचे कुलूप तिच्या पूर्वजांना भेटलेल्या किल्ल्यांच्या विरोधात घडलेले असते.

उत्तर (वाचक):
येथे एक सावधगिरी बाळगावी. चिंपांझी व गोरिला यांच्या जनुकसंचात पीटीईआरव्ही-१ या प्राचीन रेट्रोव्हायरसचे अवशेष आहेत, मानवात ते नाहीत. त्यावरून, मानवी ट्रिम-५ त्या विषाणूविरुद्ध घडले आणि म्हणून एचआयव्हीपुढे उघडे पडले, अशी मांडणी २००७ साली झाली. ती आकर्षक आहे, पण नंतरच्या प्रयोगांनी तिच्यावर शंका घेतली आहे. तेव्हा तिला सिद्ध कारण न मानता गृहीतक मानावे.