रोख देणगी, ८०जी आणि फॉर्म १०बीडी

प्रश्न : गिरगावातील आमच्या वाचनालयाच्या न्यासाला एका सभासदाने २०२४-२५ मध्ये ५,००० रुपये रोख दिले. पावती दिली, मात्र पॅन घ्यायचा राहिला. त्यांना प्राप्तिकरात कलम ८०जीची (देणगीवरील) वजावट मिळेल का?

उत्तर १ : नाही. २,००० रुपयांवरील रोख देणगीला वजावट नाही. रक्कम छोट्या पावत्यांत फोडण्याचा मोह कृपया टाळावा.

उत्तर २ : त्या वर्षाचा फॉर्म १०बीडी (दात्यांच्या ओळख-तपशिलासह देणग्यांचे विवरणपत्र, जे संस्था प्राप्तिकर खात्याला देते) ३१ मे २०२५ पर्यंत भरायचा होता, विलंबाला दररोज २०० रुपये शुल्क लागते आणि तो भरल्याशिवाय एकाही दात्याचे १०बीई हे देणगीचे प्रमाणपत्र निघत नाही, ही खरी चिंतेची बाब आहे. आमच्या परळच्या संस्थेने पावतीपुस्तकातच पॅनचा रकाना छापून घेतला आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सभासदांना आजच कळवतो.