भिंतीतल्या देवळीत बसेल अन् दिसायलाही बरा असा कॉम्प्युटर कोणता?

देवळीवाली (आर्वी तालुका, वर्धा)

नमस्कार मंडळी. आधी खुलासा करते, देवळी म्हणजे वर्ध्याजवळचं गाव नाही, भिंतीतला कोनाडा. आमच्या सपरीतल्या (घराच्या पुढच्या पडवीतल्या) देवळीत पूर्वी रात्री दिवा ठेवायचे, तिची वरची बाजू अजून काजळीने काळी आहे. शिवणाच्या टेपने मोजली: रुंदी १५ इंच, उंची १३, खोली ९. तिच्यात कॉम्प्युटर बसवायचा आहे. फक्त डबा. मॉनिटर शिलाई मशीनवर राहील, मशीन आत पाडून झाकण लावलं की बरोबर टेबल होतं.

घर दोन खोल्या आणि सपरी, माणसं सहा. दिवाळीनंतर कापूस आला की भाव वाढेल या आशेने तो सपरीतच भरतो, पार आढ्यापर्यंत. मग होळीपर्यंत माणसांनी उरलेल्या जागेत मावायचं. सध्याचा कॉम्प्युटर म्हणजे बंद पडलेल्या एका इन्स्टिट्यूटमधून आणलेला उभा काळा डबा. दरवर्षी कापूस आला की त्याला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवा. हिवाळ्यात मांजर त्याच्यावर झोपते. मागच्या महिन्यात उंदराने मागची वायर कुरतडली. आणि नणंदेला पाहायला पाहुणे आले तेव्हा त्यांच्यातल्या एका मामांनी चहाचा कप खुशाल त्याच्यावर ठेवला. स्टूल समजले ते.

काम फार नाही. बचत गटाचे हिशेब एक्सेलमध्ये, दोन शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देते (जुन्या सगळ्या कृतिदेव फॉन्टमध्ये आहेत), आणि नणंद मराठी ३० च्या (मिनिटाला ३० शब्द) टायपिंगची परीक्षा देऊन राहिली, तिचा सराव. गेम नाही, व्हिडिओ नाही.

दिसायला चांगला पाहिजे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आमचा दिवाणखाना, देवघर, कापसाचं गोदाम सगळं एकच आहे, तिथं जे दिसेल ते रोजच दिसेल. नागपूरला जावेच्या भावाकडे ॲपलचा मॅक मिनी पाहिला, अर्धा किलो पेढ्यांच्या खोक्याएवढा. मन बसलं त्याच्यावर. बजेट २५ हजार, फार ताणलं तर ३०. काय करू?

काळी_कसदार (हिंगणघाट)

ताई, लॅपटॉप घ्या अन् मोकळ्या व्हा. बॅटरी त्यातच, लाईट गेली तरी काम चालू राहते. मॉनिटर नको, यूपीएस नको. एवढ्याशा घरात चार तुकडे कायले मांडता?

देवळीवाली

भाऊ, बरोबर आहे तुमचं. घेतला होता २०२१ मध्ये, पोरांची शाळा मोबाईलवर चालायची तेव्हा. पुढच्या वर्षी दीर अमरावतीला होस्टेलवर घेऊन गेला, "परीक्षेपुरता". परत आला तेव्हा बिजागरी तुटलेली, अन् बॅटरी फुगून टचपॅड वर आलेलं. आमच्याकडे जी वस्तू उचलता येते ती घरात राहत नाही. म्हणून तर भिंतीत बसवायचा म्हणते.

बर्डीवरचा_मॅकवेडा (नागपूर)

वहिनी, तुमची नजर चांगली आहे. तुम्ही जे म्हणता ना, "फक्त डबा", नेमका त्याच विचाराने मॅक मिनी निघाला. जानेवारी २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्झने तो दाखवला तेव्हा सोबत ना स्क्रीन, ना कीबोर्ड, ना माउस. घरात पडलेलं आपापलं जोडा. त्याच्या आधी २००० साली ॲपलने काचेसारख्या प्लास्टिकमध्ये बसवलेला आठ इंचांचा क्यूब काढला होता, आत पंखाच नाही. इतका देखणा कॉम्प्युटर मी तरी दुसरा पाहिला नाही. पण महाग होता, त्या पारदर्शक प्लास्टिकवर रेषा दिसतात म्हणून लोकांनी ओरड केली, आणि वर्षभरातच त्याची विक्री थांबवली.

एम४ चिपवाला मिनी २०२४ चा. पावणेतेरा सेंटीमीटरच्या आतबाहेरचा चौरस, उंची पाच, वजन किलोच्याही आत. सुरुवातीलाच १६ जीबी रॅम. आणि महत्त्वाचं म्हणजे पॉवर सप्लाय पोटातच आहे, बाहेर ॲडॉप्टरची वीट लोंबत नाही. देखणेपण म्हणतात ते हे. भारतात तो ५९,९०० ला आला, सणासुदीत कमी होतो. बजेटच्या बाहेर आहे, मान्य. पण एकदा घेतला की दहा वर्षं पाहायला नको.

नेरचा_दुरुस्तीवाला (यवतमाळ)

वहिनी, मॅकवाल्या भाऊचं खोटं नाही. डबा झ्याकच आहे. पण ५९,९०० म्हणजे २०२५-२६ च्या ८,११० च्या हमीभावाने जवळपास साडेसात क्विंटल कापूस. तोही हमीभावाने गेला तर.

पैसे सोडा. तो मिनी हवा बुडाकडून घेतो अन् बुडाकडूनच सोडतो. चालू करायचं बटणही बुडाशीच, मागच्या कोपऱ्यात. तुमची देवळी मातीची, सारवलेली, अन् हातभरावर कापूस. नागपूरच्या फ्लॅटमध्ये जे चालते ते इथं चालेलच असं नाही. आणखी एक, जुना यूएसबी त्याले एकही नाही, सगळे नवे टाइप-सी. म्हणजे तुमचा आहे तो कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह जोडायले वेगळा जोड (ॲडॉप्टर) घ्या. नणंदेच्या टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालते, अन् या नव्या मॅकवर विंडोज सरळ टाकता येत नाही. कृतिदेव नुसता फॉन्ट आहे, तो कुठंही उमटेल, पण बोटांले सवय झालेला कीबोर्ड तिथं जमवत बसावं लागते.

आता कापसाचं सांगतो, कारण हे तुम्हाले शोरूमवाला सांगणार नाही. माझ्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत येणारे निम्मे कॉम्प्युटर कापसाचे असतात. बंद पडते, गरम होते, आवाज करते. झाकण उघडलं की पंख्यामागं गादीच. एकाचा थर मी नखाने सोलून काढला तर अख्खी लांब पट्टी हातात आली, वात वळून दिव्यात लावता आली असती. मोठ्या डब्यात जागा असते, तो तरी दोन-तीन वर्षं ओढून नेतो. डबा जेवढा लहान, जाळी तेवढी बारीक, तेवढी लवकर बुजते. म्हणून लहान घ्या, पण झाकण सहज उघडेल असा घ्या.

माझं मत: कंपन्यांच्या ऑफिसातून परत आलेला, पाहून-तपासून विकतात तो छोटा पीसी. लेनोवोचा थिंकसेंटर टायनी एम७२०क्यू, डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो, एचपीचा मिनी. तिन्ही साधारण १८ बाय १८ सेंटीमीटर, जाडी साडेतीन. आत इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी पाह्यजे, त्याच्याखालचा घेऊ नका. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, अन् विंडोज ११ इंटेलची आठवी पिढी अन् पुढचेच प्रोसेसर रीतसर धरते. सातव्या पिढीवाले म्हणूनच स्वस्त मिळून राहिले.

दिसायले? काळा, सरळ, कडक. आडवा ठेवला तर ऑफिसची वस्तू वाटते. उभा ठेवला तर देवळीत पोथी ठेवल्यासारखा दिसते.

पण मापाचं बघा. तुमची देवळी ९ इंच म्हणजे २३ सेंटीमीटरच्या आत. डबा १८, मागच्या पिना अन् वायरचं वळण धरून आणखी सहा. झाले २४. तोंड सपरीकडे करून ठेवला तर बसणार नाही, अन् ठोकून बसवला तर महिन्यात पिन वाकेल. तो कडेवर उभा करून आडवा फिरवा, तोंड डावीकडे, पाठ उजवीकडे. रुंदी १५ इंच म्हणजे ३८ सेंटीमीटर, त्यात २४ गेले, तोंडाकडे हात घालायले जागा उरते. तोंडाकडून तो हवा घेते, मागून सोडते, त्या दोन बाजू मोकळ्या ठेवजा. विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचा तेवढाच डबा कापा, मागं जुन्या वायरी चिकटवा अन् देवळीत ठेवून पाहा. फोटोत वायरी कधी दाखवत नाहीत.

वीट मात्र बाहेरच येईल, लॅपटॉपसारखी ६५ वॅटची. ती देवळीतच ठेवजा, डब्यापासून चार बोटं दूर, उघडी. कापसाकडे लोंबकळू देऊ नका. एक्स्टेंशन बोर्ड तर कापसाजवळ नकोच नको. ढिली पिन ठिणगी टाकते, अन् कापूस लगेच भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहते, कळते तेव्हा उशीर झाला असते. आपल्या म्हाताऱ्यांनी दिवा देवळीत ठेवला तो काही शोभेले नाही. माती जळत नाही.

दुकानात हे तपासा: आत एसएसडी (जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी येणारी चपळ डिस्क) आहे का, वायफायचं कार्ड आहे का (ऑफिसात केबलवर चालते, बऱ्याच डब्यांत कार्डच नसते), ॲडॉप्टर त्याचाच आहे का, अन् तुमच्या मॉनिटरची वायर लागते का. काही एचपीले एचडीएमआय नसते, फक्त डिस्प्लेपोर्ट.

उन्हाळ्याचं: या डब्यांच्या कागदावर ३५ डिग्रीपर्यंत चालवा असं लिहिलं असते, मॅकच्याही. आपल्याकडे मे महिन्यात ४५ होते. दुपारी बंद ठेवा, बाकी काय.

जरीकाठ (दर्यापूर)

मी आमच्या कॉम्प्युटरवर क्रोशाचं झाकण विणून टाकलं आहे, मोरपंखी दोऱ्याचं. धूळ बसत नाही आणि दिसतं पण किती छान! वहिनींना पाहिजे तर नमुना पाठवते.

नेरचा_दुरुस्तीवाला

ताई, झाकण छानच असेल. बंद असताना घाला. चालू असताना नाही. हात जोडतो.

जरीकाठ

बरं बाप्पा. तरीच तो दुपारी भुंगा फिरल्यासारखा आवाज करत होता.

देवळीवाली

तीन आठवड्यांनी येऊन राहिले, माफ करा, वेचणी चालू होती.

दुरुस्तीवाले भाऊ, तुमचं ऐकलं. साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, मागं चार्जरची जुनी वायर दोऱ्याने बांधली. तोंड समोर करून ठेवला तर खरंच बसला नाही, वायर देवळीच्या भिंतीला घासून माती पडायला लागली. फिरवला तर बसला. मग तोच पुठ्ठा पिशवीत घालून एसटीने नागपूरला गेले. बर्डीवर दुकानदाराने पुठ्ठा पाहिला आणि पोराला हाक मारली, "अबे, पाह्य, वहिनींनी घरूनच कॉम्प्युटर आणला." हसू दिलं. पण मग त्यानेच तीन डबे काढून एकेक त्या पुठ्ठ्याला लावून दाखवला.

टायनी घेतला, आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी, २५६ ची एसएसडी, १६ हजारांत, बिलासकट. वायफायचं कार्ड नव्हतंच! तुम्ही सांगितलं नसतं तर घरी येऊन कळलं असतं आणि पुन्हा एसटी. त्यांनी तिथंच बसवून दिलं, पाचशे जास्त घेतले.

देवळीत उभा केला. काजळीच्या खाली काळाच डबा, आधीपासून तिथंच असल्यासारखा. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, मग वाकून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "सोळा हजार दिले, अन् बाकीचा कुठं आहे?" जुना डबा गोठ्यात गेला. मांजर दोन दिवस त्याच्या रिकाम्या जागेवर येऊन बसत होती, आता यूपीएसवर झोपते, तो गरम असतो म्हणून.

मॅकवेडे भाऊ, रागावू नका. नणंदेचं लग्न जमलं तर तिला पुण्याला तो पेढ्याचा डबा मिळो असं मनात आहे.

एकच अडचण. मॉनिटरची वायर दीड मीटरची आहे, मशीनपर्यंत ताणून येते, मधून जाताना पायात अडकते. तीन मीटरची घेतली तर चित्र फाटतं का?

नेरचा_दुरुस्तीवाला

नाही फाटत. बिनधास्त घ्या. भिंतीच्या कडेकडेने खाली आणून मशीनच्या मागून काढजा, अन् जमिनीजवळ प्लास्टिकच्या नळीत घाला, उंदीर तोच आहे अजून.