लोकरवाल्या छोट्या शेळ्या इकडे मिळतात का? प्लॉटवरचं रान पण साफ करायचंय

सुईदोरा_नेरूळ
नमस्कार मंडळी, आम्ही राहायला नेरूळला पण पनवेलच्या पुढे नेऱ्याच्या बाजूला सासऱ्यांनी घेऊन ठेवलेली वीस गुंठे जागा आहे. पावसाळा संपला की तिथे असं रान माजतं की गेटपासून विहिरीपर्यंत जायला कोयता घ्यावा लागतो. रानमोडी, घाणेरी, करवंदाच्या जाळ्या, आणि सुबाभूळ तर विचारूच नका. दरवर्षी ग्रास कटरवाल्याला पैसे देऊन कंटाळलोय. मला विणकामाचं वेड, आता टकळीवर सूत काढायला पण शिकतेय, तर परवा व्हिडिओत त्या पायगोरा म्हणून बुटक्या शेळ्या बघितल्या, अंगभर कुरळी लोकर आणि झुडपं पण खातात, म्हटलं दोन-तीन आणल्या तर रान साफ आणि लोकर घरची. जागेवर एक जोडपं राहतं राखणीला, आम्ही शनिवार-रविवार जातो. मिस्टर म्हणतात हे अक्षरशः उंटावरून शेळ्या हाकणं आहे. कुठे मिळतील? पावसात टिकतील का?

बदलापूरचा_बोकड
ताई मिस्टरांना माझ्याकडून एक चहा. मी सात वर्षं शेळ्या पाळल्यात म्हणून सांगतो, पायगोरा इकडे विसरा. तो अमेरिकेत ऑरेगॉनकडे केलेला संकर, बुटकी पिग्मी आणि लोकरवाली अंगोरा शेळी यांचा. जिवंत जनावर बाहेरून आणायचं म्हणजे केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याची परवानगी, क्वारंटाइन, दोन-तीन शेळ्यांसाठी कोण करणार. आणि समजा आणली तरी आपल्या जुलैत त्या लोकरीचं काय होईल विचार करा, भिजलेली गोधडी अंगावर घेऊन उभी राहिल्यासारखं, खाली गोचीड वर चिखल.

तुमच्या जागेला कोकण कन्याळ बघा. सिंधुदुर्गाकडची जात, जास्त पावसाला सरावलेली, काळं अंग आणि तोंडावर पांढरे पट्टे. कुडाळजवळ निळेलीला कोकण कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे तिथे चौकशी करा. उस्मानाबादी सगळीकडे मिळते, जुळी देते, पण सवय कोरड्या भागाची. आणि कुठलीही घ्या, गोठ्याला जमिनीपासून दोन-तीन फूट उंच फळ्यांचं माचाण पाहिजेच, फटीतून लेंड्या खाली पडल्या पाहिजेत. ओल्या जमिनीवर बसवली की खूर सडलेच समजा.

रान साफ करण्याबद्दल पण गैरसमज नको. शेळी गवत कापायचं मशीन नाही, तिला वरचा पाला आवडतो. सुबाभूळ, बोर, बाभूळ एकदम खूश, मागच्या दोन पायांवर उभी राहून ओढते. रानमोडीचा वास घेऊन पुढे जाते, ती तुम्हालाच उपटावी लागेल. घाणेरी तर विषारी, उपाशी शेळीने खाल्ली तर लिव्हर जातं, उन्हात नाका-कानाची कातडी सोलते. आणि आंब्याची कलमं लावली असतील तर पहिली तीच संपणार.

सुईदोरा_नेरूळ
कलमं आहेत हो, अकरा हापूस, मागच्या वर्षीच लावलीत!! बरं मग पश्मिनावाली शेळी? ती तर भारतातलीच ना?

टकळी_ठाणे
भारतातली आहे पण लडाखची. चांगथांगमध्ये चार हजार मीटरच्या वर, हिवाळ्यात उणे तीसच्या आसपास थंडी, म्हणून जाड केसांखाली ती मऊ लोकर येते आणि वसंतात विंचरून काढतात. आपल्याकडे डिसेंबरात पंखा बंद केला की थंडी पडली म्हणतो, ती बिचारी कशाला लोकर वाढवेल. अंगोरा शेळीचं मोहेर, म्हणजे तिची लोकर, वेगळी, ती कातरायची, वर्षातून दोनदा. राहुरीच्या कृषी विद्यापीठात अंगोरा बोकड आणि संगमनेरी शेळीचा संकर करून बघितलेला, पण ते कोरड्या हवेतलं काम, आणि बाजारात ते काही दिसत नाही.

मी पण ठाण्यात फ्लॅटमध्ये सूत काढते, तुमच्यासारखंच वेड. मी काय करते तर दख्खनी मेंढीची लोकर आणते, धनगर कातरतात ती. काळी, जरा टोचरी, घोंगडीची लोकर तीच. पहिल्यांदा आणली तेव्हा बादलीत भिजवली तर पाणी चिखलासारखं झालं, काटेकुसळं वेचता वेचता दोन दिवस गेले आणि सासूबाई म्हणाल्या घरात मेंढी बांधलीस का. पण त्या धाग्याची पिशवी चार वर्षं भाजी वाहतेय. मऊ स्वेटरची आशा ठेवू नका, आसनं, पिशव्या करा.

गुरांचा_डाग्दर
व्हेटरनरीत आहे म्हणून एवढंच. पावसाआधी आंत्रविषाराची (आतड्यात विष होतं तो रोग) लस दरवर्षी, पीपीआरची (शेळ्यांचा प्लेग) एकदा दिली की साधारण तीन वर्षं जाते. जंताचं औषध दर महिन्याला डोळे झाकून पाजू नका, खालची पापणी ओढून बघा, लाल-गुलाबी असेल तर ठीक, पांढरट दिसली तर जंत रक्त पितायत. पहिल्या पावसाचं कोवळं गवत उपाशीपोटी नको, पोटफुगी होते. आणि एकटी शेळी ठेवू नका, ओरडून गाव जागं करेल.

बदलापूरचा_बोकड
एक राहिलं, कण्हेर. माझी एक गाभण शेळी गेली त्यात. शेजारच्या बंगल्याच्या माळ्याने चांगल्या मनाने कुंपणाची छाट आणून टाकली, हिरवीगार होती, मी कामावर. संध्याकाळी येतो तर ती आडवी पडलेली, तोंडाला फेस. चारा आणून देणाऱ्या प्रत्येकाला आता आधी विचारतो, कशाचा पाला आहे. तुमच्या जोडप्याला तेवढं नक्की सांगा.

सुईदोरा_नेरूळ
बाप रे. वाचून मिस्टर गालात हसतायत. रविवारी जागेवर जाऊन आलो, राखणीच्या दादांशी बोलले तर ते म्हणाले ताई शेळ्या घेता कशाला, वाडीतल्या मावशींच्या सात आहेत, दिवाळीनंतर महिनाभर सोडायला सांगतो, त्यांना पाला हवाच असतो. फक्त आधी घाणेरी आणि रानमोडी माणसं लावून उपटून घेणार आणि कलमांभोवती जाळी. मावशींना पैसे द्यायचे की कसं ते कळत नाही, त्या नको म्हणतायत.

टकळीताई, ती काळी लोकर किलोभर आणायला तुमच्याबरोबर येऊ का एकदा? बादली माझी आणते.

टकळी_ठाणे
या की. बादली नको, जुनी चादर आणा, गॅलरीत वाळवायला लागते. आणि मावशींना पैसे नको तर पेंडीचं पोतं द्या, नाही म्हणणार नाहीत.