करमळी–दिवाड–रायबंदर: पायी वळसा कसा आखावा?

पायवाट_पर्वरी:
डिसेंबरात एका रविवारी करमळी स्टेशनवरून निघून जुन्या गोव्याला फेरीबोट धरायची, दिवाड बेटावरची खाजनं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं) आणि पिएदादची टेकडी करून रायबंदरच्या फेरीने परतायचं, असा बेत आहे. सोबत साठीतले दोघे आहेत. खाजनाच्या बांधांवरून सलग जाता येतं का, की डांबरी रस्ताच बरा?

खाजनकर:
सलग नाही. बांध ही शेत राखण्याची भिंत आहे, पायवाट म्हणून कुणी बांधलेली नाही. तो मधेच मानशीपाशी (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या फळ्यांच्या दारापाशी) तुटतो, नाहीतर खारफुटीत शिरतो. म्हणून कणा रस्त्याचाच ठेवा. बांधावर तिथल्या शेतकऱ्याला विचारूनच चढा आणि आलात तसेच मागे फिरा.

मानशीजवळ थांबू नका. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती उघडून धावतं. त्या वेळी ओढ जबर असते, तळही खोल खणला गेलेला असतो. मासे धरायची जाळीही तेव्हाच लावलेली असतात. फळ्यांना हात लावू नये. एक फळी हलली तरी खारं पाणी आत येतं आणि जमीन नासते.

ओली माती दिसली तर तिथून वळायचंच. खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपून बांध आतून पोखरतो, वरून मात्र धड दिसतो. नुकत्याच लिंपलेल्या चिखलावर पाय दिलात तर दुरुस्ती वाया जाते.

नार्वेकडचा:
आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, मग निघायची वेळ ठरवा. एका भरतीपासून दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे कालची वेळ आज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत वर चढतं. ते दिवस बांधासाठी टाळा.

स्टेशनवरून धक्का अडीच-तीन किलोमीटर. वाटेत करमळीचं तळं लागतं, हिवाळ्यात पाहुणे पक्षी असतात, त्यामुळे सकाळी लवकर या. व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की फेरी. पलीकडे शेतांमधून सरळ रस्ता, त्यावर झाड जवळजवळ नाही. साठीतल्या मंडळींना चढापेक्षा हे ऊनच दमवेल. माणशी दोन लिटर पाणी आणि टोपी घ्या, दहाच्या आत पिएदाद गाठा.

अंगात जोर उरला तर बेटाच्या उत्तरेकडून फेरीने पलीकडचं नार्वे गाव करा, तिथे सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. त्याचं मूळ देऊळ दिवाडवर होतं. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला. मात्र त्याच वाटेने परत यावं लागतं, तेव्हा दुपार जाईल असं धरा.

पायवाट_पर्वरी:
मगरींचं काय? आणि कोकण रेल्वेचा मार्ग बेटावरून जातो, त्याच्या कडेने वाट आहे का?

खाजनकर:
रुळांवरून किंवा पुलावरून चालायचं नाही. गुन्हा तर आहेच, शिवाय पुलावर गाडी आली तर बाजूला व्हायला जागा मिळत नाही.

कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. खारफुटीच्या काठावर बसून पाय पाण्यात सोडू नका, कुत्रं सोबत आणू नका.

नार्वेकडचा:
पायी प्रवाशांना फेरीचं तिकीट नाही. रायबंदरला उतरल्यावर जुन्या गोव्याकडे जाणारी बस घ्या, तो रस्ता अरुंद आणि वाहता आहे. परतीच्या फेरीची वेळ सकाळी धक्क्यावरच विचारून घ्या.