कोऱ्या बॉलची मर्यादा, भोके पाडलेल्या बॉलचा खेळ: विचित्र लेआउट न्याय्य आहेत का?

मूळ मांडणी

टेनपिन बोलिंगमधून बॅलन्स होल, म्हणजे पकडीसाठी नव्हे तर बॉलचे वळण बदलण्यासाठी पाडलेले जादा भोक, हद्दपार झाले, पण ज्या हेतूने ते हद्दपार केले तो हेतू अर्धाच साध्य झाला, असे माझे मत आहे. हे मत अनेकांना रुचणार नाही याची जाणीव ठेवूनच मी ते मांडतो.

१ ऑगस्ट २०२० पासून युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस या अमेरिकेतील नियामक संस्थेच्या नियमांनुसार बॉलवरचे प्रत्येक भोक प्रत्येक फेकीत पकडीसाठी वापरले गेलेच पाहिजे. त्याआधी बोटांच्या भोकांखेरीज सव्वा इंच व्यासापर्यंतचे एक जादा भोक पाडता येत असे, आणि ते कोठे व किती खोल आहे यावर बॉलचे वळण बरेच अवलंबून असे. मात्र ही बंदी येताना स्थिर वजनाची, म्हणजे बॉलच्या समोरासमोरच्या बाजूंच्या वजनातील फरकाची, मर्यादा सैल झाली. १० पौंडांहून जड बॉलमध्ये पूर्वी डाव्या-उजव्या आणि बोटे-अंगठा या दिशांना १ औंसाचाच फरक चालत असे, तो आता कोणत्याही दिशेला ३ औंसांपर्यंत चालतो. त्यामुळे पूर्वी जादा भोक पाडून ‘कायदेशीर’ करून घ्यावे लागणारे अनेक लेआउट (गाभ्याच्या संदर्भात भोके कोठे पाडायची याच्या आखण्या) आता थेट चालू शकतात.

खरी पळवाट मात्र पुढेच आहे. बॉलच्या आतला गाभा वेगवेगळ्या अक्षांभोवती फिरताना किती वेगळा वागतो, त्या फरकाला डिफरन्शियल म्हणतात, आणि त्याची कमाल मर्यादा ०.०६० इंच आहे. परंतु ती लागू होते उत्पादकाच्या कोऱ्या बॉलला. ड्रिलिंग झाल्यावर तो आकडा कोणीही तपासत नाही. अंगठ्याचे भोक मास बायसच्या (ज्या अक्षाभोवती जडत्व सर्वाधिक असते त्याच्या पृष्ठभागावरील टोकाच्या) जवळ आणून खोल पाडले, तर त्या अक्षाभोवतीचे जडत्व जवळपास तसेच राहते, इतर दोन अक्षांभोवतीचे घटते आणि डिफरन्शियल वाढते. जे काम बॅलन्स होल करत असे, तेच आता अंगठा करतो. अशा लेआउटवर स्पर्धांमध्ये बंदी असावी, किंवा निदान ड्रिलिंगनंतरचे मोजमाप सक्तीचे व्हावे.

प्रतिसाद १

मी गेली अनेक वर्षे बॉल ड्रिल करतो, म्हणून ‘विचित्र’ या शब्दापासूनच माझा मतभेद सुरू होतो. लेआउट खेळाडूच्या अक्षबिंदूवरून ठरतो, म्हणजे बॉल हातातून सुटताना तो ज्या अक्षाभोवती फिरतो त्या अक्षाचे पृष्ठभागावरील टोक आपण आधी शोधतो आणि मग पिन, म्हणजे आतल्या गाभ्याची दिशा दाखवणारी बॉलवरची खूण, त्यापासून किती अंतरावर ठेवायची ते ठरवतो. सममित गाभ्याच्या बॉलमध्ये ३ पूर्णांक ३ अष्टमांश इंचांच्या आसपास सर्वाधिक फ्लेअर (घरंगळताना बॉलचा अक्ष सरकून पृष्ठभागावर पसरत जाणारे तेलाचे पट्टे) मिळते. पण ज्याच्या हाताला मुळातच भरपूर फिरकी आहे त्याला तेच अंतर घातक ठरते, कारण बॉल मधल्या टप्प्यातच ऊर्जा संपवून बसतो. तुम्हाला चमत्कारिक दिसणारी पिनची जागा एखाद्या संथ, सरळ फेकणाऱ्या खेळाडूसाठी अगदी साधी असू शकते. मग नेहमीची जागा कोणाची धरायची?

शिवाय भोक पाडल्याने फरक नेहमी वाढतोच असे नाही. पिनच्या जवळ पाडलेले भोक डिफरन्शियल कमी करते. मग ज्यांचा आकडा घटला त्यांना भरपाई द्यायची का?

प्रतिसाद २

वरील युक्तिवाद कुशल आहे, पण तो प्रश्नाला बगल देतो. लेआउट खेळाडूनुरूप असणे कोणालाच अमान्य नाही. प्रश्न मर्यादेचा आहे. कोऱ्या अवस्थेत मर्यादा पाळणारा आणि खेळताना ती ओलांडणारा बॉल नियमात बसतो असे म्हणणे म्हणजे वजन करताना एक पाय काट्याबाहेर ठेवण्यासारखे आहे.

इतिहासही हेच सांगतो. १९७३ साली डॉन मॅक्यून यांनी प्लॅस्टिकचा बॉल रासायनिक द्रावणात भिजवून त्याचे आवरण मऊ केले आणि त्या एका मोसमात सहा व्यावसायिक विजेतेपदे मिळवली. त्या वेळी हे निषिद्ध नव्हते, म्हणून त्यांना लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांची विजेतेपदे कायम राहिली, वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा मानही राहिला, पण नंतर कडकपणाची किमान मर्यादा आलीच. कल्पक माणूस आधी पोहोचतो आणि नियम मागून येतो, हा या खेळाचा क्रमच आहे. आज तो नियम मागून येण्याची वेळ आहे, एवढेच मूळ लेखक म्हणत असावेत.

प्रतिसाद ३

मला हा सगळा वाद चुकीच्या खोलीत चाललेला वाटतो. बोलिंग काँग्रेसच्याच बॉल मोशन अभ्यासात आवरणाच्या पृष्ठभागाचा खरखरीतपणा आणि लेनवरच्या तेलाशी असलेले घर्षण यांचा प्रभाव सर्वांत वरचढ ठरला. स्थिर वजने फार खाली होती. लेआउट महत्त्वाचा आहे, पण दोन-तीन मिनिटे घासकागद फिरवून जो बदल होतो तो अनेकदा लेआउटच्या बदलाहून मोठा असतो. स्पर्धा सुरू झाल्यावर घासकागदाला मनाई आहे, आणि ती योग्यही आहे, पण आदल्या रात्री कोणी काय केले ते कोण पाहतो? अन्यायच शोधायचा असेल तर तो एका खेळाडूच्या पिशवीत सहा बॉल आणि दुसऱ्याच्या पिशवीत एक, इथे शोधा.

प्रतिसाद ४

मी दोन हातांनी, अंगठा न वापरता खेळतो, आणि या नियमाची झळ आमच्या गटाला सर्वांत आधी लागली, हे इथे कोणी नोंदवलेले नाही. पूर्वी आम्ही अंगठ्याचे भोक ठेवून ते रिकामे सोडू शकत होतो. आता वापरात नसलेले ते भोक म्हणजे बॅलन्स होलच ठरते, म्हणून आमच्या बॉलला दोनच भोके असतात आणि तळहात कोठे येतो हे दाखवणारी खूण करावी लागते. ती खूण नसेल तर तोच बॉल अर्ध्या वर्तुळात फिरवून वेगळी चाल मिळवता येते. म्हणून मला ती अट पटते.

पण अंगठ्याचे खोल भोक आमच्याकडे नाहीच. मूळ लेखकांचा मुद्दा खरा धरला, तर आजचा नियम एका हाताने खेळणाऱ्यांना गाभ्यात फेरफार करण्याचे एक साधन देतो आणि आम्हाला देत नाही. दोन हातांच्या शैलीला अन्याय्य म्हणणारे लोक हा हिशेब कधी मांडत नाहीत, हे गमतीचे आहे.

प्रतिसाद ५ (प्रतिसाद १ च्या लेखकाकडून)

हा मुद्दा मला खरोखर सुचला नव्हता. मात्र अंगठ्याच्या भोकाची खोली कोणी अंगठ्याच्या लांबीइतकीच ठेवावी असे म्हटले, तर व्यवहारात ते मोजणे सोपे आहे. पट्टी घातली की झाले. माझा आक्षेप आहे तो ड्रिलिंगनंतर डिफरन्शियल तपासण्याच्या सक्तीला. तो आकडा काढायचा तर बॉल प्रत्येक अक्षाभोवती झुलवून दोलनाचा काळ मोजावा लागतो. स्थिर वजनाचा काटा मिनिटात निकाल देतो, हे उपकरण देत नाही. शंभर खेळाडू आणि प्रत्येकाचे सहा बॉल असतील तर पहिली फेक दुसऱ्या दिवशी होईल.

मूळ लेखकाचे उत्तर

प्रतिसाद ३ मधील पृष्ठभागाचा मुद्दा मी मान्य करतो, पण घासकागद सर्वांच्या आवाक्यात आहे. ड्रिलिंगनंतरचे जडत्व मोजून सांगणारा माणूस सर्वांच्या आवाक्यात नाही, आणि माझी तक्रार त्या विषमतेविषयी आहे.

तपासणीच्या वेळखाऊपणापुढे मात्र मला माघार घ्यावी लागते. विशिष्ट लेआउटवर बंदी ही मागणीही मी सोडतो, कारण ‘विचित्र’ची व्याख्या करणे अशक्य आहे हे पहिल्या प्रतिसादाने दाखवून दिले. त्याऐवजी दोन गोष्टी सुचवतो. एक, पकडीच्या भोकाची खोली बोटाला लागेल त्याहून ठरावीक मापापेक्षा जास्त नसावी. दोन, जडत्वाचे मोजमाप फक्त अंतिम फेरीत पोहोचलेल्यांच्या बॉलचे व्हावे. प्रतिसाद ४ च्या लेखकांना विचारतो, दोन भोकांच्या बॉलसाठी पहिली अट तुम्हाला जाचक होईल का?

प्रतिसाद ६ (प्रतिसाद ४ च्या लेखकाकडून)

नाही. आमची बोटे पहिल्या किंवा दुसऱ्या पेरापर्यंतच आत जातात, त्यामुळे खोल भोकाची आम्हाला गरजच नसते. उलट ही अट अंगठ्याला लागू होते की नाही, ते आधी ठरवून घ्या; तिथेच सर्वाधिक विरोध होईल.