कामाचा भार उतरल्यावर लक्ष का सुटते?

प्रश्न (लोटे, ता. खेड)
नमस्कार. मी एका रासायनिक कारखान्यात पॅनेल ऑपरेटर आहे, म्हणजे पडद्यावरून प्लांटवर नजर ठेवतो. गेल्या आठवड्यात प्लांट सुरू करताना रात्रपाळीचे पहिले चार तास अलार्म आणि वॉकीटॉकीवरच्या हाकांत गेले. दोनच्या सुमारास सगळे स्थिरावले आणि त्यानंतर एका रिॲक्टरच्या जॅकेटचे (तापवण्या-थंड करण्यासाठी भोवती असलेल्या आवरणाचे) तापमान ४२ वरून ४७ अंशांवर चढत गेलेले मला तब्बल २५ मिनिटे दिसले नाही. अलार्म ५० ला लावलेला होता, त्यामुळे तो वाजला नाही. मला झोप आली नव्हती, नजरही पडद्यावरच होती. मग धावपळीत शाबूत राहिलेले लक्ष निवांतपणी का सुटावे?

उत्तर (रत्नागिरी)
मी मानसशास्त्र शिकवते. निवांत टेहळणी सोपी असते, हा समजच मुळात चुकीचा आहे. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर पाणबुड्या शोधणाऱ्यांच्या चुका पाहून एक साधे घड्याळ वापरले, ज्याचा काटा टप्प्याटप्प्याने सरके आणि क्वचित दुप्पट उडी घेई. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पहिल्या अर्ध्या तासातच पाहणाऱ्यांच्या नजरेतून या उड्या निसटू लागल्या होत्या. तुमच्या बाबतीत भार बदलला, हे त्याहून महत्त्वाचे वाटते. धावपळीत अलार्मच तुमचे लक्ष ओढून घेत होते. ते थांबल्यावर काय पाहायचे हे स्वतःच ठरवावे लागले, आणि तेही चार तासांचा शीण अंगात असताना. अलार्मची मर्यादा खाली आणणे हा मला पुरेसा उपाय वाटत नाही, कारण सुरुवातीच्या गर्दीत त्याने गोंगाटच वाढेल.

उत्तर (संगमेश्वर)
मॅडमचे म्हणणे मला पटते. मी पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या कटिंगजवळ (रुळांसाठी डोंगर कापलेल्या जागी) पहारा केला आहे. धो धो पावसात प्रत्येक जण दरडीकडे डोळे लावून असतो, पण माती आत भिजलेली असल्याने पाऊस ओसरल्यावरही दरड येते, आणि नेमके तेव्हाच माणूस रेनकोट झटकून बसतो. म्हणून आम्ही पाऊस थांबला की बॅटरी घेऊन एक फेरी मारायचो आणि चर पाण्याने भरले आहेत का, बारीक खडे घसरले आहेत का, हे जोडीदाराला मोठ्याने सांगायचो. दादा, तुम्हीही प्लांट स्थिर झाल्यावर पहिला तासभर दर दहा मिनिटांनी ट्रेंड, म्हणजे आकडे चढताहेत की उतरताहेत, मोठ्याने वाचून पाहा.

प्रश्नकर्ता
काका, मॅडम, मनापासून आभार. पुढच्या वेळी प्लांट स्थिर झाला की अर्धा तास पॅनेल ताज्या माणसाकडे देता येईल का, हे मी शिफ्ट इनचार्जना विचारणार आहे, आणि ट्रेंड मोठ्याने वाचणे आज रात्रीपासूनच सुरू करतो.